नुसते ओठ हलवू नका, गा!

आधी मुद्दा सांगते, मग बाकीचं. लहान मुलांच्या नाटकात गाणं असेल तर ते मुलांनी स्वतः गायलं पाहिजे, स्टेजवर, लोकांसमोर, त्याच क्षणी. ट्रॅक लावून त्यावर ओठ हलवणं नको, कुणा मोठ्या बाईने बारीक आवाज काढून रेकॉर्ड केलेलं नको, आणि "गाणं मागून येईल, तुम्ही फक्त ॲक्शन करा" हे तर अजिबात नको. यंदा मी पहिल्यांदाच मुलांचं संगीत नाटक बसवलं, विक्रोळीला आमच्या कन्नमवार नगरमध्ये, पहिली ते आठवीची पोरं, साधारण तासाभराचं नाटक, आणि त्यात एकही गाणं रेकॉर्डेड नव्हतं. ते करताना काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहून ठेवतेय, पुढे कुणाला बसवायचं असेल तर उपयोगी पडेल.

मी स्वतः गाणारी नाही. कॉलेजात एकांकिका स्पर्धांच्या सीझनला लाईट्स केलेत, लेव्हल्स उचलल्यात, प्रॉम्प्टिंग केलंय, नंतर नोकरी लग्न घर यात ते मागे पडलं. पण मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात दरवर्षी मुलांचं जे होतं ते बघून मला आत कुठेतरी टोचत राहायचं. भल्यामोठ्या आवाजात सिनेमाचं गाणं लागतं, मुलं झगमगीत कपड्यांत नाचतात, आणि नीट बघितलं ना तर पुढच्या रांगेतली एखादी चिमुरडी अगदी मनापासून ते गाणं गातही असते, गळ्याच्या शिरा ताणून, पण तिचा आवाज तिच्या बाजूच्यालाही ऐकू जात नाही. त्या आवाजाचं काहीतरी करावं असं वाटत होतं.

आणि हे काही मी नवीन शोधलेलं नाही, आपलीच पद्धत आहे ही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल 1880 मध्ये पुण्यात झालं तेव्हापासून मराठी नट स्टेजवर उभा राहून स्वतःच्या गळ्याने गातोय. मास्टर दीनानाथ किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते कोवळ्या वयात, अशी कितीतरी पोरं तेव्हा कंपन्यांमधून भरल्या थिएटरपुढे माईकशिवाय गायची. मुलांच्या नाटकाचं म्हणाल तर मुंबईतच सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींचं मधुमंजिरी केलं, आणि मुलांचं नाटक म्हणजे गॅदरिंगची टाइमपास आयटम नाही, त्याला सुद्धा नेपथ्य लाईट संगीत सगळं मोठ्यांच्या नाटकाइतकं नीट लागतं हे दाखवून दिलं. पुढे ऐंशीच्या दशकात पुण्यात मोहन आगाशेंनी जर्मनीतली ग्रिप्स चळवळ आणली, त्यात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात आणि गाणी विषयाच्या पोटातून येतात. म्हणजे एवढं सगळं आपल्याकडे असताना आपल्या सोसायट्यांमध्ये आणि शाळांमध्ये मुलं स्पीकरच्या आवाजाखाली ओठ हलवत उभी आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

असो. नाटकाकडे येते.

कन्नमवार नगरच्या मागेच खाडी आणि तिवरं. आमच्या पोरांना खाडीचा वास माहितीय, डास माहितीयत, पण खाडीत राहतं कोण ते माहीत नाही. म्हणून नाटक खाडीवरच लिहिलं, नाव ठेवलं "गुलाबी कधी होणार?". गोष्ट अशी की रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा खाडीत उतरतो, सगळे गुलाबी, आणि त्यांच्यातलं एक पिल्लू करडं. रोहित पक्ष्याची पिल्लं खरंच करडीच असतात, गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळं आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांच्यातून, आणि पूर्ण रंगायला दोन-तीन वर्षं जातात. तर ते पिल्लू खाडीतल्या प्रत्येकाला विचारत फिरतं की मी गुलाबी कधी होणार, आणि निवटी, खेकडे, बगळा, भरतीचं पाणी असे सगळे आपापला सल्ला देतात, गाण्यात. शेवटी पिल्लू करडंच राहतं, कारण एका सीझनमध्ये ते गुलाबी होणारच नाही ना. बऱ्याच पालकांनी मला तालमीत येऊन सांगितलं की ताई शेवटी त्याला गुलाबी करा, टाळ्या पडतील. मी मुलांना विचारलं. त्यांचं म्हणणं, खोटं कशाला दाखवायचं. विषय संपला.

जूनमध्ये एका रविवारी सगळ्यांना घेऊन खाडीकाठी, भांडुप पंपिंग स्टेशनला गेलो. रोहित तोपर्यंत बहुतेक निघून गेलेले असतात, पण मला पोरांना निवटी दाखवायची होती. ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला, आणि त्या चिखलावर निवट्या पुढच्या परांवर रेलून सरकत होत्या, मधूनच टुण्णकन उडी. हा मासा कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर एवढा वेळ राहू शकतो. त्याचे गाल फुगलेले असतात. आमच्या तिसरीतल्या एका पोराने लगेच गाल फुगवले आणि परत येताना बसमध्ये पूर्ण रस्ताभर तो निवटीच होता, आईने हाक मारली तरी गाल फुगवूनच मान हलवली. त्याला ते काम द्यायचं हे तिथेच ठरलं. तिथेच ते बारके खेकडे पण दिसले, ज्यांच्यातल्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी दिसते आणि तो ती वरखाली हलवत उभा असतो. हे खेकडे पुढे फार कामाला आले, सांगते कसे.

आता गाण्यांचं. साथीला मी आमच्या भजनी मंडळातल्या काकांना विनंती केली. काका मूळचे मालवणकडचे, डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, पेटी वाजवून हात तयार झालेला, आणि त्यांचा पुतण्या ढोलकीवर. चाली काकांनीच लावल्या, एक दर्याकाठच्या ठेक्यातली, एक पालखीच्या चालीची, एक अगदी अंगाईसारखी. चाली सुंदरच होत्या पण मुलं गायला लागली की वरच्या जागांवर गाणं फाटायचं. काकांनी पेटी धरली होती काळी एकवर, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा सा. ओळ वरच्या सा पर्यंत गेली तोपर्यंत सगळं ठीक, पण वरचा ग आला की निम्मी पोरं किंचाळायची आणि निम्मी गुपचूप खालच्या सप्तकात उतरायची, मग ऐकायला एकच गोंधळ.

मी काकांना म्हटलं, पट्टी खाली घेऊया का. काका म्हणाले, "पोरांचो आवाज वरच जाता गो बाय, खाली कित्याक घेतंस?" आणि हा समज बऱ्याच जणांचा असतो, की पोरांचा आवाज बारीक म्हणजे पट्टी जितकी वर तितकं बरं. पण बारीक असणं वेगळं आणि वर चढता येणं वेगळं. ज्या मुलाला गाण्याची सवय नाही त्याचा आवाज साधारण एका सप्तकात, फार तर त्याच्या थोडं वर, एवढ्यातच मोकळा असतो, पुढे तो गळा आवळून ओढतो. म्हणून आम्ही एकेकाला बोलावून नुसतं "आ" करायला लावलं, खालून वर, आणि कुठे मान वर जाते, कुठे खांदे चढतात, ते बघत गेलो. खांदे चढले की समजायचं इथे त्याची हद्द. हे सगळं मांडल्यावर काका स्वतःच म्हणाले की खालच्या काळी पाचवर येऊया, म्हणजे आधी जिथे वरचा सा होता जवळजवळ तिथेच आता वरचा ग येईल. आणि दुसरा नियम ठरवला की चाल सा च्या खाली फार उतरवायची नाही, कारण तिथे पोरांचा आवाज हवेसारखा होतो, ऐकूच येत नाही. पट्टी बदलली त्या दिवशी भरतीचं गाणं पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडून एकत्र आलं. काकांनी पेटी थांबवली, चष्मा काढला, पुसला, आणि "परत घ्या" म्हणाले. एवढंच.

शब्दांवर पण काम करावं लागलं. वरच्या सुरावर "ई" किंवा "ऊ" आला की पोरांचा आवाज टोकदार होतो, तिथे "आ" किंवा "ओ" असेल तर तोंड उघडतं आणि सूर सुटतो. भरतीच्या गाण्यात वरच्या ग वर "पाणी" मधली "णी" येत होती, तिथे ओळ बदलून "आला आला दर्या आला" केली, लगेच फरक. "क्षितिजावर" हा शब्द मला फार आवडला होता पण चार मात्रांत सहा वर्षांच्या पोराला तो म्हणता येत नाही, तिथे "तिकडे पल्याड" आलं आणि खरं सांगायचं तर ते जास्त छान लागतं. ओळीसुद्धा छोट्या केल्या. स्क्रिप्टवर लाल पेनाने जिथे जिथे श्वास घ्यायचा तिथे टिकमार्क, आणि नियम असा की श्वास सगळ्यांनी एकाच जागी घ्यायचा. एवढी मुलं एकदम श्वास घेतात ना तेव्हा तो श्वास ऐकू येतो, आणि तोच त्यांचा इशारा होतो, मला विंगेतून हात हलवायची गरजच उरत नाही.

आता तो विषय जो माझ्या सगळ्यात जवळचा आहे. कोरसमध्ये एक चौथीतला मुलगा होता, आवाज खणखणीत, उत्साह सगळ्यात जास्त, आणि सूर कुठलाच लागत नव्हता. बाकीच्यांना त्याच्यामुळे त्रास व्हायचा, एकदोन मुलींनी तक्रार पण केली. त्याची आई एकदा तालमीनंतर हळूच मला म्हणाली की ताई त्याला शाळेत पण सांगितलंय तू नुसते ओठ हलव, तसंच सांगा इथेही, त्याला सवय आहे. "त्याला सवय आहे" हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. कारण असे मोठे झालेले किती लोक मला माहितीयत, पन्नाशीचे, साठीचे, जे आरतीलासुद्धा तोंड उघडत नाहीत कारण त्यांना लहानपणी कुणीतरी सांगितलंय की तुझा आवाज नको. एका वाक्याने माणूस आयुष्यभर गप्प होतो. मी त्याच्या आईला म्हटलं, वहिनी, इथे कुणीही नुसते ओठ हलवणार नाही.

मग मी आणि काका त्याला तालमीच्या आधी वेगळं बोलवायला लागलो. काकांनी फार शहाणपणा केला. त्याला "सा लाव" असं म्हटलंच नाही, तर म्हणाले तू कुठलाही आवाज काढ, आणि तो जो सूर निघाला तो काकांनी पेटीवर शोधला. म्हणजे पोराने पेटीकडे जायचं नाही, पेटीने पोराकडे जायचं. पेटीवर आपलाच सूर ऐकल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, तो थांबला, परत तोच काढला, परत पेटीने तोच वाजवला. मग तिथून त्याला ॲम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखा आवाज काढायला लावला, वर खाली, वर खाली, न तुटता, आणि पेटी त्याच्याबरोबर सरकत राहिली. काही दिवस फक्त हेच. आवाज वर नेता येतो आणि खाली आणता येतो, हे आपल्या हातात आहे, हेच त्याला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे कोरसमध्ये त्याला दोन पक्क्या गाणाऱ्या मुलींच्या मधोमध उभं केलं, कान दोन्ही बाजूंनी भरलेले राहतील असं. प्रयोगाला तो पूर्ण सुरात होता असं मी म्हणणार नाही, पण तो जवळ होता, आणि ऐकत होता, आणि मोठ्याने गात होता. मला तेवढं पुरे आहे. ज्यांना यापेक्षा गुळगुळीत ऐकायचंय त्यांच्यासाठी फोनमध्ये भरपूर गाणी आहेत.

नाचाचं आणि गाण्याचं भांडण हा दुसरा मोठा भाग. उड्या मारत गाता येत नाही, कुणालाच येत नाही, स्टेजवर तसं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा खाली ट्रॅक असतो. निवट्यांच्या गाण्यात उड्या हव्या होत्या, मग आम्ही गाणं असं कापलं की दोन ओळी गायच्या, उभं राहून, गाल फुगवून परत सोडायचे, आणि मग फक्त ढोलकीवर आठ मात्रांचे दोन आवर्तन उड्या. त्या वेळात बाकीचा कोरस गातो. आणि इथे ते भांडुपचे खेकडे आठवले, एका जागी उभे राहून नांगी हलवणारे. खेकड्याचं गाणं सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघड होतं, तर त्यात पाय हलवायचेच नाहीत, फक्त उजवा हात, पुठ्ठ्याची लाल नांगी घातलेला, वर, खाली, ठेक्यावर. पूर्ण रांग एकाच वेळी. प्रयोगात सर्वात जास्त टाळ्या त्याला पडल्या, आणि पोरांचा श्वास पण शाबूत.

खेकड्यांचा म्होरक्या आठवीतला एक मुलगा होता, जूनमध्ये गोड गळा, सोलो त्यालाच दिला होता. ऑगस्टच्या सुमारास त्याचा आवाज फुटला. एकेका शब्दाला घोगरा, मधेच चिरका, स्वतःलाच दचकायचा. दोन दिवस तालमीला आला नाही, मग बिल्डिंगखाली भेटला तेव्हा मी त्याला जुन्या नाटक कंपन्यांतल्या मुलांचं सांगितलं, की स्त्री भूमिका करणाऱ्या गोड गळ्याच्या पोरांचं पण असंच व्हायचं, या वयात सगळ्याच मुलांची स्वरयंत्रं वाढतात, तार लांब आणि जाड झाली की सूर खाली येतो, थांबावं लागतं, जोर करायचा नसतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग मी बोललो तर चालेल का, ठेक्यावर? आणि तिथल्या तिथे जिन्यावर हाताने ठेका धरून ओहोटीचं आख्खं कडवं त्याने रॅपमध्ये म्हणून दाखवलं, त्या नव्या घोगऱ्या आवाजात. तो आवाज ओहोटीला काय शोभला म्हणून सांगू. पाणी ओसरून चिखल उघडा पडतोय आणि हा खालच्या आवाजात बोलतोय. सोलो एका सहावीतल्या मुलीकडे गेला, आणि ओहोटी याच्याकडे आली. नंतर त्याने स्वतःच अजून चार ओळी लिहून आणल्या, त्यातल्या दोन ठेवल्या.

मेन रोलचं काय, हा प्रश्न पालकांचा असतोच. आम्ही करड्या पिल्लाचं काम तीन मुलांत वाटलं, एक करडं उपरणं केलं, ज्याच्या खांद्यावर उपरणं तो पिल्लू. प्रत्येक गाण्यानंतर उपरणं पुढच्याकडे जातं. यात सगळ्यांना न्याय मिळतो ते आहेच, पण मुंबईत त्याचं दुसरं कारण पण आहे, की तालमीला सगळे कधीच नसतात. युनिट टेस्ट, ट्यूशन, व्हायरल ताप, आणि गणपतीला तर अर्धी कास्ट कोकणात गावाला. त्या काळात हॉलपण मिळत नाही, आणि मिळाला तरी बाहेर ढोल ताशाची प्रॅक्टिस. म्हणून प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवला, नोव्हेंबरात, जेव्हा रोहित पक्ष्यांचे थवे पण खाडीत यायला लागतात. आणि जो हजर नसेल त्याचं काम दुसऱ्याने करायचं हा रिवाजच पडला, त्यामुळे महिन्याभरात प्रत्येकाला प्रत्येकाचं पाठ. तालीम चालू असताना कोरसकडे बघायचं ना तर बोलणाऱ्याबरोबर रांगेतल्या सगळ्यांचे ओठ हलताना दिसायचे, सगळ्या नाटकभर. मोठ्यांच्या नाटकात असलं पाठांतर मी कधी बघितलं नाही. प्रॉम्प्टर लागलाच नाही.

माईकबद्दल थोडक्यात सांगते कारण इथे बहुतेक जण हार मानून ट्रॅककडे वळतात. प्रत्येकाला कॉलर माईक आपल्याला परवडत नाही आणि लहान मुलांच्या अंगावर तो कपड्याला घासून खरखरतो. आम्ही स्टेजच्या कडेला खाली तीन माईक ठेवले आणि गाणाऱ्यांची रांग कायम पुढच्या पट्ट्यात. खालचे माईक पावलांचा आवाज फार पकडतात, त्यावर उपाय म्हणून सगळी मुलं अनवाणी आणि पुढच्या पट्ट्यात जाड सतरंजी. पेटी-ढोलकीला माईक दिलाच नाही. साऊंडवाल्या दादांना दोनदा सांगितलं की आवाज वाढवू नका, शिट्टी मारेल, लोकांना जरा कान देऊन ऐकू दे. त्यांना सुरुवातीला पटत नव्हतं. पण पहिल्या गाण्यानंतर हॉल आपोआप शांत झाला, कारण शांत राहिल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, आणि मग त्यांनी बटणांवरचा हात काढला तो शेवटपर्यंत.

प्रयोगाच्या संध्याकाळी सुरुवातीला नांदी होती, मुलांनीच म्हटली, खाडीची नांदी, तिवरांना आणि चिखलाला नमन. तिसऱ्या घंटेला विंगेत सगळे हात धरून उभे होते आणि पहिलीतली एक मुलगी मला विचारत होती की आजपण लाल टिकमार्कला श्वास घ्यायचा ना. हो, म्हटलं, आजपण.

मधे एक गंमत झाली. तिसऱ्या गाण्यानंतर ज्या मुलाने उपरणं पुढे द्यायचं होतं तो ते द्यायला विसरला आणि तसाच उभा राहिला, पुढचं पिल्लू पण पुढे आलं आणि गायला लागलं, म्हणजे स्टेजवर दोन पिल्लं, एक उपरण्यातलं गप्प आणि एक उपरण्याशिवाय गाणारं. मी विंगेत हात चोळत होते. तेवढ्यात खेकड्यांच्या रांगेतली एक पोरगी, दुसरीतली, नांगी हलवत हलवत, गाणं न सोडता, पुढे आली, पहिल्याच्या खांद्यावरून उपरणं काढलं, दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलं, आणि नांगी हलवत परत आपल्या जागी. बघणाऱ्यांना ते बसवलेलंच वाटलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिला फक्त पूर्ण नाटक पाठ होतं, आणि गाणं तिच्या स्वतःच्या गळ्यात चालू होतं, त्यामुळे ते थांबू न देणं तिला आपलं काम वाटलं. ट्रॅक असता तर तो आपला पुढे गेला असता आणि मुलं त्याच्यामागे धावत बसली असती. इथे काकांनी तिला येताना बघून ठेका एक आवर्तन लांबवला. गाणारा आणि वाजवणारा एकमेकांसाठी थांबू शकतात, म्हणून तर मला हे सगळं जिवंत हवं होतं.

नंतर प्रतिक्रिया आल्या, चांगल्या भरपूर आल्या. एका गृहस्थांनी मात्र येऊन सांगितलं की छान झालं पण दोन-तीन ठिकाणी बेसूर वाटलं, रेकॉर्डिंग केलं असतं तर एकदम फिनिशिंग आलं असतं. मी त्यांना शांतपणे म्हटलं की काका, तुमचा नातू आज तीन गाणी गायला, तुम्ही त्याचा आवाज याआधी कधी ऐकला होता का, बोलण्याचा नाही, गाण्याचा? ते म्हणाले, नाही. मग थोडा वेळ तिथेच थांबले, आणि नातवाला शोधायला आत गेले.

पुढचं आता. जानेवारीत भांडुपला एका शाळेच्या हॉलमध्ये दुसरा प्रयोग करायचं चाललंय, आणि परीक्षा संपल्यावर जमलं तर अजून एक. आठवीतला तो रॅपवाला पुढच्या नाटकाची गाणी लिहायला बसलाय, विषय त्यानेच निवडलाय, विहार तलाव आणि मिठी नदी. चौथीतला भोंगेवाला मुलगा आता दर गुरुवारी काकांच्या भजनाला जाऊन बसतो आणि टाळ वाजवतो, गातो पण. आमचा ढोलकीवाला यंदा बारावीला आहे, त्यामुळे जानेवारीत तो नसणार. विक्रोळी, भांडुप, मुलुंड या बाजूला कुणी ढोलकी वाजवणारं असेल, मुलांबरोबर बसायची तयारी असेल, तर मला जरूर कळवा. तालीम शनिवारी संध्याकाळी, चहा-बटाटेवडा आमच्याकडे, आणि पट्टी काळी पाच.